वायरमनचा पुकारा

कोर्टाच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांत मोठा आवाज न्यायाधीशांचा नव्हता. वकिलांचा तर नव्हताच. तो पुकारेकाकांचा होता.

त्यांचं काम सांगायला सोपं. दालनाचं दार उघडून व्हरांड्यात उभं राहायचं आणि ज्याचं प्रकरण आलं त्याचं नाव तीनदा पुकारायचं. माणूस आला की त्याला आत न्यायचं. नाही आला की आत जाऊन नुसती मान हलवायची. मग न्यायाधीशांच्या खालच्या टेबलावर बसणाऱ्या शिरस्तेदार बाई 'गैरहजर' लिहायच्या आणि पुढचं प्रकरण काढायच्या. सबंध नोकरीत काकांनी दाराच्या आत एक शब्द उच्चारला नव्हता. त्यांचं बोलणं दाराबाहेरचं.

तरुण वकील त्यांना मागून भोंगा म्हणत. समोरासमोर भोंगाकाका म्हणत. काकांना त्याचं काही वाटत नसे.

"भोंगा ओरडतो," ते म्हणायचे. "मी ओरडत नाही. ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस आत जाऊन काहीच्या बाही बोलतो."

ते नाव जरा ओढून घेत. वडिलांच्या नावाशी किंचित थांबत. आडनाव व्हरांड्याच्या टोकापर्यंत सोडून देत. भिंतीच्या वादातली माणसं, भाड्याच्या वादातली माणसं, वाटणीवरून भांडणारे सख्खे भाऊ, सगळे त्या आवाजामागून आत गेले. माणसं बहुतेक येतातच. उशिरा येतात, धापा टाकत येतात, चपला हातात घेऊन येतात, पण येतात.

वायरमन कधीच आला नाही.

तो एका औषधांच्या दुकानाबाहेर शिडीवर चढून दिव्याची वायर बदलत होता. भर दुपारी पोलिसांची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. शिडी तिथेच राहिली. आदल्या आठवड्यात त्याने संपवाल्या कामगारांच्या सभेला कर्णे लावून दिले होते, गुन्हा म्हणाल तर एवढाच. त्याच्या मोठ्या बहिणीने पोलीस ठाणं गाठलं, तर पोलीस म्हणाले, असा कोणी माणूस आम्ही आणलेलाच नाही. दुकानदाराने पाहिलं होतं, गाडीचा नंबरही बहिणीला लिहून दिला होता. पुढे त्यालाही आठवेनासं झालं.

ही बहीण शाळेचे गणवेश शिवायची. तिने कोर्टात अर्ज केला. माझ्या भावाला सरकारने नेलं आहे, त्याला तुमच्यासमोर हजर करा. अशा अर्जात या कोर्टाची एक रीत होती. ज्याला हजर करायचं, त्याचंच नाव आधी पुकारायचं. न जाणो, आणला असेल.

म्हणून दर तारखेला काका दार उघडायचे आणि वायरमनचं नाव पुकारायचे.

वर्षं गेली. न्यायाधीश बदलले. दाराची स्प्रिंग बदलली. काकांचे गुडघे कुरकुरू लागले, बहिणीचे केस पांढरे झाले. नाव तेवढं तसंच राहिलं. त्याला वय चढेना.

सुरुवातीला काका ते नाव इतरांसारखंच पुकारत. मग कधीतरी तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ते थांबू लागले. थोडंसंच. इतरांसाठी थांबत त्याहून एखादा श्वास जास्त. त्या श्वासात व्हरांडा गप्प व्हायचा. बाकावरची माणसं उगाचच जिन्याकडे पाहायची. एकदा दुसऱ्याच प्रकरणातल्या म्हाताऱ्या साक्षीदाराने जवळ येऊन विचारलं, "मागच्या वेळीपण यालाच बोलावत होतात. अजून पोचला नाही होय?"

"नाही," काका म्हणाले.

"लांब राहतो वाटतं."

काकांनी मान हलवली.

नाव त्यांच्या मागोमाग घरी येऊ लागलं. भांडी घासण्याच्या आवाजाखाली ते असायचं. नळ सोडला की असायचं. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी काका गॅसच्या बटणावर हात ठेवून उभेच राहायचे.

"अहो, तीन झाल्या. बंद करा की."

"थांब जरा."

"कशाला थांबू? डाळीची पेज होईल."

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती बायकोच्या आधी नातीच्या ध्यानात आली. आजोबा घरात कोणालाच हाक मारत नव्हते. जेवायला बोलवायचं तर उठून त्या खोलीत जायचे आणि खांद्याला हात लावायचे. रस्त्यावर नात पुढे गेली तर गुडघे सावरत तिच्यामागे जायचे. आपल्या आवाजात नाव घ्यायचं आणि समोरून ओ यायची नाही, हे घरात नको होतं त्यांना. एकदा जरी तसं झालं तर?

"मांजराच्या पावलाने येता," बायको म्हणायची. "एक दिवस माझा जीव जाईल दचकून. बाहेर गळा काढायचा आणि घरी मुक्याचं सोंग."

काकांना हे प्रकरण संपायला हवं होतं. कसंही. हे ते मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हणत नसत.

मग सरकारनेच अर्ज केला. एवढी वर्षं ज्याचा पत्ता नाही तो मेला असं समजावं आणि प्रकरण बंद करावं. अर्जाच्या तारखेला सकाळी शिरस्तेदार बाईंनी वर येताना काकांना जिन्यातच गाठलं.

"काका, आज त्या वायरमनला मयत म्हणून पुकारा. बहीण वारस म्हणून उभी राहील."

"ठरलं का ते?"

"ठरल्यातच जमा. विरोध कशाला होईल? त्या बाईलासुद्धा सुटल्यासारखं वाटेल हो. किती वर्षं हेलपाटे घालायचे?"

कोर्टात मेलेल्या माणसाला पुकारत नाहीत. 'मयत अमुक अमुक यांचे वारस' असं पुकारतात, आणि जो ओ देतो तो मेलेल्याच्या जागी उभा राहतो. काकांनी असे पुष्कळ मेलेले पुकारले होते. ते काम हलकं. मेलेल्याने यायचंच नसतं, त्यामुळे वाट पाहायची नसते.

काकांनी दार उघडलं. बहीण नेहमीच्या बाकावर बसली होती. कामावरून तशीच आलेली, गळ्यात मापाची टेप. तिच्या वकीलबाई खालच्या मजल्यावर दुसऱ्या कामात अडकल्या होत्या.

काकांनी पुकारलं. मयत, मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, यांचे वारस. आवाज मोकळा निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या नावाचं ओझं वाटलं नाही.

बहिणीने मान वर केली. दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. ती बसूनच राहिली.

ऐकू गेलं नसेल, असं वाटून काका जवळ गेले.

"ताई, तुमचंच आहे. चला."

"माझं नाही."

"अहो, वारस म्हणजे तुम्हीच."

"मी ओ दिली की तो मेला ना, काका?"

काकांनी मागे दाराकडे पाहिलं.

"इतकी वर्षं हे म्हणतात, नेलाच नाही. आज म्हणतात, मेला. ज्याला नेलाच नाही, तो मेला हे यांना कसं कळलं? आणि आता त्यावर मी हो म्हणायचं. माझ्या तोंडून."

"पण उठला नाहीत तर गैरहजर लागेल. अर्जच निकालात निघेल तुमचा."

"माहीत आहे."

"मग?"

"मला काय विचारता? पुकारलंत तुम्ही."

तिचा आवाज चढला नव्हता. ती टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. काकांना एकदम कळलं की पेच तिने घातलेला नाही. उठली तर भाऊ मेला. नाही उठली तर भावाला विचारणारं कोणी उरलं नाही. आणि हे दोन्ही दरवाजे काकांनीच, स्वतःच्या आवाजाने, एकामागून एक लावले होते. वर ते लावताना बरंही वाटलं होतं.

ते परत दाराशी आले. आता आत जाऊन मान हलवायची. तेवढंच काम. मान हलली की शिरस्तेदार बाईंचं पेन हललं.

ते आत गेले आणि नुसते उभे राहिले.

"काका?" शिरस्तेदार बाई म्हणाल्या. "आहे का कोणी?"

न्यायाधीशांनी वर पाहिलं. ते नवे होते, सावकाश बोलणारे, पेन्सिलला टोक करत ऐकण्याची सवय असलेले.

"पुकारा चुकला, साहेब," काका म्हणाले.

बाहेर व्हरांडा भरून टाकणारा आवाज इथे जेमतेम न्यायाधीशांपर्यंत पोचला.

"काय चुकलं?"

"मी मयत म्हणून पुकारलं. ते अजून... म्हणजे, ठरलं नाही ना ते?"

सरकारी वकील तरुण होता, हसतमुख होता. "भोंगाकाका, आता युक्तिवादही तुम्हीच करणार? माझा डगला देऊ का?"

दोघेतिघे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मयत म्हणून पुकारायला कोणी सांगितलं?"

"सरकारचा अर्ज होता, साहेब," शिरस्तेदार बाई म्हणाल्या. "म्हणून मला वाटलं..."

"अर्जावर निकाल अजून मी दिलेला नाही. दाराबाहेर तो लागूनही गेला?" ते काकांकडे वळले. "पुन्हा पुकारा. नेहमी पुकारता तसं."

काका बाहेर आले. पहिला पुकारा ठीक झाला. दुसऱ्याला आवाज चिरला. तिसऱ्यानंतर ते थांबले, आणि या वेळी त्यांनी जिन्याकडे पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं.

ती उठली. दारातून आत जात म्हणाली, "तो आलेला नाही. त्याला विचारायला मी आले आहे."

तेवढ्यात वकीलबाई धावत वर आल्या. मग दुपारपर्यंत बोलणं चाललं. सरकारी वकील आता हसत नव्हता, आणि दुष्टपणाने बोलतही नव्हता. कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं, म्हणाला. घरच्यांनाही मोकळं होऊ द्या, म्हणाला. वकीलबाई म्हणाल्या की माणूस नेऊन लपवणं हा गुन्हा एका दिवसात संपत नाही. जोवर त्याचं काय केलं हे सांगत नाहीत, तोवर तो चालू असतो. जगातल्या देशांनी मिळून तसा करार केला आहे आणि आपल्या सरकारनेही त्यावर सही केली आहे.

"करार परदेशात झाला," सरकारी वकील म्हणाला. "हे कोर्ट इथलं आहे. इथला कायदा पाहावा."

"सही कोणाची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सही... आपली."

"मग शब्दही आपलाच. जगासमोर शब्द द्यायचा आणि घरी या बाईला विसरायला सांगायचं, हे जमायचं नाही. शब्द दिला तो पाळता का, एवढं विचारायलाच कोर्ट असतं. दुसऱ्या देशांतली कोर्टंही हेच विचारत आली आहेत. आपण का कचरायचं?"

मग त्यांनी निकाल सांगितला. घरच्यांनी मागितल्याशिवाय या माणसाला मेलेला समजता येणार नाही. अर्ज चालू राहील. आणि पुकाऱ्यानंतरची ती शांतता इतकी वर्षं या माणसाच्या नावावर गैरहजेरी म्हणून मांडली गेली, ते चूक होतं. त्याला नेणाऱ्या सरकारी गाडीचा नंबर अर्जात आहे, तर उत्तरही सरकारनेच द्यायचं. पुढच्या तारखेला, ज्या अधिकाऱ्याची ती गाडी होती, त्याने स्वतः दाराशी उभं राहायचं. नाव पुकारलं की माणूस कुठे आहे ते त्याने सांगायचं. दर पुकाऱ्याला. व्हरांड्यात ऐकू जाईल असं.

बाहेर आल्यावर काका बहिणीच्या बाकाजवळ घोटाळले.

"ताई, सकाळचं मनात ठेवू नका."

"हलकं वाटलं होतं ना तुम्हाला? आवाजावरून कळलं."

"हो," काका म्हणाले.

"मलाही वाटलं असतं," ती म्हणाली. "म्हणूनच उठले नाही." पिशवी खांद्याला लावून ती निघाली, मग वळली. "घरी आई त्याचं नाव काढू देत नाही. काढलं की जेवत नाही. तुमच्याकडेच तेवढं ऐकायला मिळतं. मी काय फक्त निकालासाठी येते असं वाटतं तुम्हाला?"

त्या दिवशी काका घरी गेले ते जास्तच गप्प. नाव संपणार नव्हतं. आता ते संपावं असं म्हणायची सोयही उरली नव्हती.

पुढच्या तारखेला अधिकारी आला. तेव्हा तो गाडीवरचा प्रमुख होता, आता बराच वर चढलेला. कडक इस्त्री, पिकलेल्या मिश्या, चेहऱ्यावर कंटाळा. तो काकांच्या शेजारी, चौकटीला खांदा लावून उभा राहिला. काकांना त्याच्या दाढीच्या साबणाचा वास आला. चांगला साबण होता. आपल्या घरच्यासारखाच, असं त्यांच्या मनात आलं आणि ते अर्धं पाऊल बाजूला सरकले.

काकांनी पुकारलं.

"माहीत नाही," अधिकारी म्हणाला. सवयीचं उत्तर, तयार.

"बाहेर ऐकू गेलं नाही," आतून न्यायाधीश म्हणाले.

"माहीत नाही," तो मोठ्याने म्हणाला. व्हरांड्यातल्या सगळ्या माना वर झाल्या.

काकांनी दुसऱ्यांदा पुकारलं. या वेळी उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते काकांकडे पाहून आलं, जणू त्यांनीच काही विचारलं होतं. "माहीत नाही."

काकांनी तिसऱ्यांदा पुकारलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शांतता झाली. त्या शांततेत काका इतकी वर्षं एकटे उभे राहिले होते. आज शेजारी दुसरं कोणी होतं, आणि तो माणूस श्वास रोखून उभा होता. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

शिरस्तेदार बाईंनी पेन उचललं. "काय लिहू, साहेब?"

"उत्तर आलं नाही, असं लिहा. अधिकारी हजर होते, हेही लिहा."

दुसरं प्रकरण सुरू झालं. अधिकारी व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीजवळ गेला. त्याने पेला भरला आणि तसाच हातात धरून ठेवला. काका पुढची नावं पुकारण्याची वाट पाहत दाराशी होते. बहीण आणि वकीलबाई बाकावर कागद आवरत होत्या. अधिकाऱ्याने कोणाकडेच पाहिलं नाही. भिंतीशी बोलावं तसा तो बोलला.

"सर्दी झाली होती त्याला. सारखा नाक ओढत होता."

त्याने पेला दुसऱ्या हातात घेतला.

"रुमाल मागत होता," तो म्हणाला. "हात बांधलेले, आणि रुमाल मागत होता."

असा माणूस आणलेलाच नाही, असं सगळी वर्षं जे सांगत आले, त्यातलाच हा.

बहिणीच्या हातातले कागद खाली पडले. ती वाकली नाही. "हो," ती अगदी हळू म्हणाली. "गोळी घेऊन जा म्हटलं होतं मी. नको म्हणाला. दुपारी येतोच आहे, म्हणाला."

तेव्हा कुठे अधिकाऱ्याला कळलं की आपण बोललो. त्याने पेला टाकीवर ठेवला. पाणी सांडलं.

वकीलबाई एव्हाना आत पोचल्या होत्या. आतून त्यांचा आवाज आला, मग न्यायाधीशांचा. चालू प्रकरण थांबलं. शिरस्तेदार बाई दारापर्यंत आल्या. त्या एरवी टेबलावरून उठत नसत. त्यांनी काकांच्या कानाशी अधिकाऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.

अधिकारी हाताच्या अंतरावर उभा होता. त्याची नजर जिन्याकडे गेली. जिना मोकळा होता.

हात धरून आत नेता आलं असतं. घरी काका तसंच करत. खांद्याला हात लावायचा आणि न्यायचं.

काकांनी तसं केलं नाही. ते ताठ उभे राहिले आणि पुकारलं, तीच ओढ देऊन, वडिलांच्या नावाशी थांबून, आडनाव टोकापर्यंत सोडून.

"मी इथेच आहे," अधिकारी पुटपुटला. "कशाला ओरडता?"

काका ओरडत नव्हते. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहीण मात्र बसूनच राहिली. जे ऐकायला ती इतकी वर्षं येत होती, ते आता या दारातून येणार होतं, आणि ते चांगलं नसणार हे तिला कळून चुकलं होतं.

अधिकाऱ्याने टोपी काढली. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, मग त्या रुमालाकडेच पाहत राहिला. नंतर तो चालू लागला. काकांनी दार उघडून धरलं. तो आत गेला.

दार मिटू लागलं, तशी बहीण म्हणाली, "काका, दार लावू नका. मला इथूनच ऐकू दे."

काकांनी पाठ टेकून दार उघडं ठेवलं.